दहा प्रश्नांचा कागद: अमेरिकेतल्या मराठी डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेत बालरोग, प्रसूती आणि फॅमिली मेडिसिनमध्ये काम करणाऱ्या मराठी डॉक्टर मंडळींना

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काहीजण मला चेहऱ्यानं ओळखतात. गणपतीच्या आरतीला, दिवाळीच्या फराळाला आपण भेटलो आहोत. "तू काय करतेस?" असं तुम्ही विचारता, मी "दवाखान्यात दुभाषी आहे, स्पॅनिशची" म्हणते, तुम्ही "अरे वा, स्पॅनिश!" म्हणता आणि तेवढ्यात जेवणाची रांग पुढे सरकते. रांगेत सांगून होत नाही ते आज लिहायला बसले आहे.

मी मूळची अंबाजोगाईची. नवऱ्याच्या नोकरीमागे ह्यूस्टनला आले. पहिली काही वर्षं व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, तेव्हा वेळ जावा म्हणून स्पॅनिश शिकले. थोडी क्लासमध्ये आणि बाकीची एका चर्चच्या धान्यवाटपात, तांदूळ-राजम्याच्या पिशव्या भरता भरता. पुढे १६० तासांचं प्रशिक्षण पूर्ण करून टेक्ससच्या आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र घेतलं. आमच्या या कामाला इथे 'प्रोमोतोरा' म्हणतात. आपल्या आशाताईंसारखंच: वस्तीतल्या बाईनं वस्तीतल्या बायकांना दवाखान्यापर्यंत आणायचं आणि दवाखान्याचं म्हणणं त्यांच्या घरापर्यंत न्यायचं. मी वस्तीतली नाही, एवढाच फरक. तो छोटा नाही.

वस्ती म्हणजे ह्यूस्टनमधलं गल्फ्टन. शेपू, कढीपत्ता, गोडा मसाला घ्यायला तुम्ही हिलक्रॉफ्टला जाता ना, ज्या भागाला २०१० पासून महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणतात, तिथून गाडीनं चार-पाच मिनिटं. तेलाच्या तेजीत एकट्यादुकट्या तरुण नोकरदारांसाठी तिथे ओळीनं अपार्टमेंटं उठली. ऐंशीच्या दशकात तेल कोसळलं, खोल्या ओस पडल्या आणि मालकांनी भाडी उतरवून त्या एल साल्वादोर, ग्वातेमाला, होंडुरासहून जीव घेऊन आलेल्यांना दिल्या. जिथे पोहण्याचे तलाव होते तिथे आता पुष्कळ ठिकाणी मुलं फुटबॉल खेळतात. सरकारी कागदावर हे सगळे 'हिस्पॅनिक'. स्वतःला तसं म्हणवून घेणारं माणूस मला क्वचित भेटलं. ती साल्वादोरेन्या असते, होंदुरेन्या असते, मेहिकाना असते. आपल्याला कुणी 'साउथ एशियन' म्हटलं की जसं होतं तसंच.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी एक मुलगी आली, ग्वातेमालाची, वय २४. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. सोबत दोन महिन्यांचं बाळ, लशींचा दिवस. आमच्याकडे हल्ली बाळाच्या तपासणीआधी आईच्या हातात एक क्लिपबोर्ड देतात. त्यावर दहा प्रश्न, बालपणीच्या वाईट अनुभवांचे. त्याला इथे 'एस' (ACE) प्रश्नावली म्हणतात. तुम्हाला तो कागद पाठ असेल. अठरा वर्षांची होण्याआधी घरातल्या मोठ्यांनी तुम्हाला वारंवार शिव्या दिल्या का, मारलं का, नको तिथे हात लावला का, पोटाला पुरेसं नव्हतं असं झालं का, आईला मारहाण व्हायची का, घरात कुणी दारुडं होतं का, कुणी तुरुंगात गेलं का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. आपण सगळे गुणांवर वाढलेली माणसं, पण या पेपरात शून्य मिळवायचं असतं.

ती सहाव्या प्रश्नाशी अडली. तुमचे आईवडील कधी विभक्त झाले होते का, किंवा त्यांचा घटस्फोट झाला होता का? ती मला म्हणाली, "विभक्त म्हणजे कसं? बाबा माझ्या जन्माआधीच उत्तरेला, म्हणजे इथे अमेरिकेत, आले. मी पाच वर्षांची असताना आई त्यांच्यामागे आली. मी आजीपाशी राहिले. पण त्यांचं भांडण नव्हतं हो. अजून एकत्र आहेत." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर भले गृहस्थ आहेत, वाकडं बोलले नाहीत. म्हणाले, "घटस्फोट नाही ना? मग 'नाही' लिहू दे." तिनं 'नाही'वर खूण केली. आठ वर्षं आईवाचून काढलेल्या मुलीचा स्कोअर शून्य आला आणि फाइल पुढे गेली.

बाळाला सुया टोचल्या. बाळ रडलं, जसं कुठलंही बाळ रडतं. या मुलीनं त्याला उचललं नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. नर्सनंच बाळ खांद्यावर घेतलं. मला माहीत आहे, अशा वेळी फाइलमध्ये काय लिहिलं जातं. आई आणि बाळाचं नातं नीट जुळलेलं दिसत नाही, लक्ष ठेवावं, असं काहीतरी. खोटं नाही ते. पण ते शेवटच्या पानावरचं वाक्य आहे, आणि आपण आधीचं पुस्तकच उघडलेलं नाही.

ते उघडलं एका लाल दोऱ्यामुळे. बाळाच्या मनगटात लाल दोरा आणि त्यात एक तपकिरी बी ओवलेलं होतं. तिकडे दृष्ट लागू नये म्हणून बांधतात, आणि लागलीच तर कोंबडीचं अंडं बाळाच्या अंगावरून उतरवून भांड्यात फोडून बघतात. नर्सनं "गिळेल, काढून टाका" म्हटल्यावर तिनं बाळाची बाही ओढून मनगट झाकलं होतं. (नर्सचं बरोबरच होतं. मणी गळ्यात अडकतात.) बाहेर पडताना मी तिला म्हटलं, आमच्याकडे गालाला काजळाची तीट लावतात, आणि दृष्ट मीठ-मोहऱ्यांनी काढतात, अंड्यानं नाही. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आणि कुणी लावली ते मोहरीला कळतं?" मग पार्किंगमध्ये, बाळाची खुर्ची गाडीत बसवता बसवता, तिनं सांगितलं.

२०१४ साली, तेरा वर्षांची असताना, ती एकटी निघाली. एकटी म्हणजे वाटाड्याबरोबर, ज्याला तिकडे कोयोते म्हणतात. त्या एका वर्षात अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर ६८ हजारांहून जास्त मुलं आईबापांवाचून पकडली गेली, त्यांतली ही एक. सीमेवरच्या कोठडीत तिला ठेवलं. त्या कोठड्यांना सगळे 'इएलेरा' म्हणतात, म्हणजे बर्फाची पेटी, कारण एसीची थंडी हाडात जाते. पांघरायला चकचकीत पातळ चंदेरी कागद. शेजारी एक बाई, तिला ताप, तिचं तान्हं बाळ हिच्या मांडीवर. ते रात्रभर रडत होतं आणि कागद चुरचुर वाजत होता. पुढे आईनं तिला घ्यायला येताना बूट आणले होते. दोन नंबरनं लहान. आईच्या डोक्यात मुलीचा पाय तेवढाच राहिला होता. "मी तिला ताई म्हणायचं की बाई म्हणायचं, मला कळेना," ती म्हणाली. "आई तर आजी होती."

आणि हे सांगून झाल्यावर, गाडीचं दार लावताना: "पण काही विशेष नाही. आगुआंतार करायचं."

डॉक्टर मंडळी, आगुआंतार या शब्दाला इंग्रजीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. दुभाष्यांच्या चाचणीत मी त्याचं भाषांतर 'सहन करणे' अशा अर्थानं केलं आणि गुण मिळाले. पण तुम्हाला मी तो एका क्षणात सांगू शकते: सोसणं. आपल्या आज्या जो शब्द वापरायच्या तोच, त्याच सुरात, त्याच अभिमानासकट. सोसणारी बाई तक्रार करत नाही, आणि दहा प्रश्नांच्या कागदाला तक्रार हवी असते. तुमच्या गोऱ्या सहकाऱ्यांना जी गोष्ट समजवायला मला अर्धा तास लागतो ती तुम्हाला घरची आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, त्यांना नाही.

हा कागद आला कुठून, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण एक गोष्ट आठवून द्यायची आहे. सॅन दिएगोत कायझर परमनेंटे या आरोग्यविमा आणि दवाखाने चालवणाऱ्या संस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणाचा दवाखाना चालवत. वजन उत्तम उतरत असलेले पेशंटच उपचार सोडून जातात हे त्यांच्या लक्षात आलं, ते का म्हणून विचारत गेले आणि बालपणीच्या अत्याचारांपाशी पोहोचले. पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या (सीडीसी) रॉबर्ट आंडा यांच्यासोबत १७ हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, पहिला निबंध १९९८ मध्ये आला. मोठं काम आहे, त्याबद्दल वाद नाही. बालपणीचे घाव पुढे हृदयविकारात, नैराश्यात, व्यसनात उमटतात हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. पण ते १७ हजार लोक कोण होते? विमा असलेले, बहुतेक गोरे, बरेचसे कॉलेज शिकलेले, मध्यमवर्गीय. त्यांच्या बालपणी जे होऊ शकतं ते त्या दहा प्रश्नांत आहे. आई परदेशी जाणं, रस्त्यात प्रेत दिसणं, सीमेवर पकडलं जाणं, शाळेच्या वाटेवर टोळीनं हप्ता मागणं हे त्यांत नाही, कारण ते त्यांच्या आयुष्यात नव्हतं.

ही उणीव इतरांनाही दिसली. फिलाडेल्फियात पुढे जो अभ्यास झाला त्यात वस्तीतला हिंसाचार, भेदभाव, दादागिरी, परक्या घरी वाढणं हे प्रश्न जोडले. कॅलिफोर्नियात मुलांसाठी जी प्रश्नावली वापरतात तिच्यात स्थलांतरामुळे पालकांपासून ताटातूट झाली का असं स्पष्ट विचारलेलं आहे. आणि खुद्द आंडांनी २०२० मध्ये लिहिलं की हा स्कोअर लोकसंख्येचा कल बघायला आहे, समोरच्या एका माणसाचं निदान करायला नाही. ज्यानं फूटपट्टी बनवली तोच सांगतो आहे की यानं ताप मोजू नका. त्याच २०२० साली कॅलिफोर्नियानं गरिबांच्या विम्यातून दर तपासणीला २९ डॉलर द्यायला सुरुवात केली होती. हेतू चांगला होता. पण एखाद्या कागदाला पैसे मिळू लागले की तो कागद भरला जातो, एवढं आपण भारतातल्या सरकारी योजना बघितलेल्या लोकांना कुणी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, निबंधांमध्ये तर स्थलांतरित लॅटिनो घरांत असे अनुभव इथे जन्मलेल्यांपेक्षा कमी आढळतात. हो, आढळतात. त्यात काही अंशी तथ्यही असेल, घरं एकत्र असतात, आजी असते, चर्च असतं. पण आमच्या खोलीत बसून मी बघते तेव्हा मला दिसतं की प्रश्न चुकीचा असेल तर उत्तर 'नाही' येतं. घरातलं कुणी तुरुंगात गेलं का? भाऊ इमिग्रेशनच्या डिटेन्शनमध्ये आठ महिने होता. तो तुरुंग का? तिच्या मते नाही, कारण भावानं चोरी केली नव्हती. घरात मारलं का? यावर तर सगळ्या हसतात. तिकडे आईच्या चपलेला 'चांक्ला' म्हणतात आणि तिच्या अचूक नेमावर विनोद आहेत. आपल्याकडे नाहीत का? मार खाल्ला म्हणजे अत्याचार झाला असं मानायला तीही तयार नसते आणि खरं सांगायचं तर तुम्हीही नसता.

आणि मागे जाऊ तेवढं खोल आहे. एल साल्वादोरचं यादवी युद्ध १९८० ते १९९२, सुमारे ७५ हजार बळी, आणि तिथल्या लष्कराला पैसा आणि शस्त्रं अमेरिकेची. ग्वातेमालाचं १९६० ते १९९६, दोन लाखांच्या आसपास मृत आणि बेपत्ता. सत्यशोधन आयोगाला ओळख पटवता आलेल्या बळींत ८३ टक्के माया आदिवासी. आज आमच्या दवाखान्यात नातवंडाला घेऊन येणाऱ्या आज्या तेव्हा लहान मुली होत्या. ज्या टोळ्यांच्या भीतीनं आजच्या आया पळून आल्या त्यांतली सगळ्यात नामचीन टोळी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर तयार झाली आणि नव्वदच्या दशकात डिपोर्ट केलेल्यांबरोबर एल साल्वादोरला गेली. आणि हे संपलेलंही नाही. २०१७ पासून, मुख्यतः २०१८ मध्ये, सीमेवर आईबापांपासून पोरं तोडली गेली, एकूण पाच हजारांहून जास्त. २६ जून २०१८ ला न्यायाधीशांनी ते थांबवायचा आदेश दिला. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुलगी आता मोठी झाली आहे. काही दिवसांत ती तुमच्या ओपीडीत बाळ घेऊन बसलेली असेल. तिच्या हातात कुठला कागद देणार आहात?

कागदाबद्दल अजून एक. तुम्हाला आम्हाला कागद म्हणजे फॉर्म. तिला कागद म्हणजे परीक्षा. आश्रय मागायला आलेल्या बाईला आधी एका अधिकाऱ्यापुढे आपली भीती 'खरी वाटेल' अशी सांगावी लागते. आयुष्यात घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट तिनं एकदा पुरावा म्हणून मांडलेली असते, तारखांसकट, आणि समोरच्यानं ती खरी की खोटी ते ठरवलेलं असतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून टेक्ससच्या हॉस्पिटलांत, राज्यपालांच्या आदेशानं, पेशंटला विचारतात की तुम्ही या देशात कायदेशीर आहात का. उत्तरानं उपचारावर परिणाम होणार नाही असंही सांगतात, पण कळा देणाऱ्या बाईला त्यातलं पहिलं वाक्यच ऐकू येतं. जानेवारी २०२५ मध्ये दवाखाने, शाळा आणि चर्चजवळ धरपकड करायची नाही ही जुनी सूट केंद्र सरकारनं काढून घेतली. तेव्हापासून आमच्याकडे बायका वेळ घेतात आणि येत नाहीत. ज्या येतात त्या दाराकडे तोंड करून बसतात. शिवाय टेक्ससमध्ये मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे ती जाणते. मग तिच्या बालपणीच्या माराबद्दल विचारणारा कागद तिच्या हाती आला की तिला वाटतं, माझं मूल न्यायची ही तयारी. तिनं खरं का लिहावं? मी तिच्या जागी असते तर सगळीकडे 'नाही'च लिहिलं असतं, आणि पेन परत द्यायलाही विसरले नसते.

एक चूक माझीही सांगते. सुरुवातीच्या काळात ग्वातेमालातल्या उएउएतेनांगोच्या डोंगरातली एक बाई आली होती. मी स्पॅनिशमध्ये विचारत होते, ती मान हलवून 'सी, सी' म्हणत होती. प्रसूतीनंतरच्या नैराश्याची प्रश्नावली, तीही दहाच प्रश्नांची, मी पूर्ण भरून घेतली. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायच्या विचारांचा. त्यालाही 'सी'. धावपळ झाली. तासाभरानं फोनवर माम या माया आदिवासी भाषेची दुभाषी मिळाली तेव्हा कळलं की बाईला स्पॅनिश जेमतेम येतं आणि ती प्रत्येक प्रश्नाला नम्रपणे हो म्हणत होती. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेल्यावर आधी माडिया शिकले, ही गोष्ट मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. ऐकून उपयोग काय झाला? पेशंटच्या घरी कुठली भाषा बोलतात हे मी त्या दिवसापर्यंत कधी विचारलंच नव्हतं. आता पहिला प्रश्न तो असतो. माम, किचे, कांहोबाल, मिक्सतेक. आणि कृपा करून तिच्या सात-आठ वर्षांच्या मुलाला मध्ये घालून विचारू नका. आणीबाणी सोडून ते नियमातही बसत नाही, पण घाईच्या दिवशी सर्रास चालतं. आईवर काय झालं होतं हे मुलाच्या तोंडून डॉक्टरला सांगायचं म्हणजे त्या मुलाच्या कागदावर आपल्या हातानं एक गुण वाढवणं.

मग माझं म्हणणं काय? विचारूच नका? तसं नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तराचं तुम्ही काही करू शकत नाही तो प्रश्न विचारू नका. टेक्ससमध्ये कागदपत्रं नसलेल्या गरीब गर्भवतीला चिप पेरिनेटल नावाची योजना मिळते. ती खरं तर पोटातल्या बाळाची असते. बाळ बाहेर आलं की आईला दोन तपासण्या, मग संपलं. त्या दोनांतल्या एकीत तुम्ही तिचं बालपण उकरायचं, तिनं धीर करून हो म्हणायचं, आणि तुम्ही तिला एक छापील यादी द्यायची, जिच्यावरचे निम्मे नंबर इंग्रजीत उत्तर देतात. जखमेवरची खपली काढून पट्टी नाही असं सांगण्यातला प्रकार आहे हा. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही तसं करणार नाही.

पट्टी आहे. हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनच्या जिल्ह्यात, राहणाऱ्यांना कागदपत्रं नसली तरी काउंटीच्या आरोग्य सेवेतून उत्पन्नानुसार मदत मिळते, जुने लोक तिला अजून गोल्ड कार्ड म्हणतात. किती डॉक्टरांना हे माहीत असतं? घरी जाऊन भेटणाऱ्या नर्सेसचे कार्यक्रम आहेत, ज्यांची सुरुवात डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात केली. पॅराग्वेत जन्मलेल्या अलिशिया लीबरमन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आई आणि बाळाला एकत्र बसवून करायची उपचारपद्धत उभी केली आहे. त्यातली एक गोष्ट मला फार पटली: आईला तिच्या बालपणीचं फक्त भयंकर विचारायचं नाही, कुणी मायेनं वागवलं होतं तेही विचारायचं. मी ते करून बघते. "तुला लहानपणी कोण झोपवायचं?" एवढंच विचारते, बाळाला वजनकाट्यावर ठेवताना. याला स्कोअर नाही. पण मी अजून अशी बाई बघितलेली नाही जिनं यावर काहीच सांगितलं नाही. आजीचं नाव येतं, आजीच्या चुलीचा धूर येतो, मग हळूच, आजीपाशी का होते तेही येतं.

आणि हा प्रश्न विचारताना मला माझ्या वर्गातल्या मुली आठवतात. दसऱ्यानंतर त्यांचे आईबाप उसाच्या तोडीला जायचे, सांगली-कोल्हापूरकडे, आणि त्या सहा महिने म्हाताऱ्या आजीपाशी. बाईंनी हजेरी घेताना "पालकांची सही?" विचारलं की त्या खाली बघायच्या. तुमच्यापैकी जे अंबाजोगाईच्या मेडिकलला होते त्यांनी या मुली वॉर्डात बघितल्या आहेत, पुढे आया होऊन आलेल्या. तेव्हाही त्यांना कुणी विचारलं नाही. तेव्हा आपल्याकडे कागदही नव्हता.

बाळंतपणाचंही तसंच. त्यांच्यात 'क्वारेंतेना' असते, चाळीस दिवस बाळंतिणीनं थंड पाण्यात हात घालायचा नाही, डोकं बांधायचं, कोंबडीचा रस्सा प्यायचा. आपला सव्वा महिनाच. फरक एवढा की आपल्या मुलींचं बाळंतपण करायला आई सहा महिन्यांच्या व्हिसावर डिंकाचे लाडू घेऊन येते. हिची आई येऊ शकत नाही, किंवा इथे असली तर रात्रपाळीला ऑफिसं झाडत असते. "सव्वा महिना कोण बघतंय तुझं?" हा प्रश्न तुम्ही विचारलात, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये का होईना, तर तुम्हाला त्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त कळेल, ही माझी पैज.

एक कडू गोष्ट उरली, ती टाळली तर पत्र अर्धवट राहील. आपल्या जेवणावळींत मी ऐकते: "आपण रांगेत उभे राहून आलो, वीस वर्षं ग्रीन कार्डाची वाट बघतोय, आणि या उड्या मारून आल्या." रांगेचा राग मला कळतो, माझाही नवरा त्याच रांगेत आहे. पण ती रांग तिच्यासाठी कधी लागलीच नव्हती, जिच्यात ती उभी राहिली असती. आणि हे वाक्य बोलणाऱ्या घरातली फरशी दर गुरुवारी कोण पुसतं? केटी आणि शुगर लँड या ह्यूस्टनच्या उपनगरांमधल्या आपल्याच स्वयंपाकघरांत ती येते. पोळ्या करायला शिकली आहे, 'हळद' म्हणते, आपल्या पोरांना स्पॅनिश अंगाई गाऊन झोपवते. तिचं मूल त्या वेळी कुणापाशी असतं ते मी तरी आजवर कुठल्या पंगतीत विचारलेलं ऐकलं नाही. दवाखान्यातला प्रश्न तिथूनच चुकायला लागतो.

मला तुमच्याकडून ठरावही नको आणि देणगीही नको. तुमच्या दवाखान्याच्या बैठकीत हा कागद चर्चेला येईल तेव्हा तोंड उघडा. सहाव्या प्रश्नाचं स्पॅनिश वाचून दाखवा. तो क्लिपबोर्ड वेटिंग रूममध्ये नवऱ्याशेजारी, दिराशेजारी बसवून भरून घेऊ नका म्हणून सांगा. 'हो' आलं तर त्याच दिवशी, त्याच मजल्यावर बोलायला माणूस असेल तरच विचारू, असा हट्ट धरा. आणि दुभाष्याला वीस मिनिटं जास्त द्या. आमचं म्हणणं इतकं साधं आहे, आणि वीस मिनिटांचे पैसे बिलाच्या कुठल्या कोडमध्ये बसवायचे यात तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात.

ती मुलगी चार महिन्यांच्या लशींना परत आली. लाल दोरा बाळाच्या मनगटावरून निघाला होता आणि दुपट्याच्या काठाला आतून टाचला होता, बाळाच्या हाताला लागणार नाही असा. सुई टोचायच्या आधी नर्सनं बाळ तिच्या मांडीवरच राहू दिलं, मी आधी जाऊन तेवढं सांगून ठेवलं होतं. बाळ रडलं. तिचे हात एकदा मांडीखाली गेले. मग बाहेर आले.

तिची पुढची वेळ मंगळवारची आहे, साडेदहाची.

आपली,
एक दुभाषी
ह्यूस्टन, टेक्सस